डॉक्टरांचा तोल

धडाधड धडाधड करत दुकानासमोरच्या नऊच्या नऊ सायकली एकीवर एक आडव्या झाल्या आणि त्यांच्या घंट्यांनी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली.

आत दुकानात बाबांशेजारी बसून ती एक डुलणारं चाक तारा आवळून सरळ करत होती. हातातल्या पान्यासकट ती बाहेर धावली. त्या ढिगाऱ्याच्या मधोमध एक उंच माणूस उभा होता. हातात दहावी सायकल... नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असा त्याचा चेहरा झाला होता.

"मी... उचलतो सगळ्या," तो म्हणाला.

"नको! तुम्ही फक्त हलू नका."

तिने एकेक सायकल उभी केली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "चेन पडली का?"

"नाही."

"मग ब्रेक?"

"ब्रेक उत्तम आहेत म्हणे."

"मग चालवत का नाही आलात? हातात धरून कशाला आणलीत?"

त्याने गल्लीत इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल."

तिने ओठ घट्ट मिटले, पण आतून बाबा हसले ते हसलेच. मग तिलाही राहवेना.

हळूहळू सगळं बाहेर आलं. कोपऱ्यावरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दातांचा नवा दवाखाना उघडला होता, हा तिथला डॉक्टर. दहाव्या वर्षी त्याने मोठ्या बहिणीला थाप मारली होती, "मला येते सायकल!" ती थाप बावीस वर्षं टिकली. आता दवाखाना थाटला म्हणून ताईने कौतुकाने सायकल पाठवली होती, आणि महिन्याअखेरीस ती स्वतः मुलाबाळांसह येणार होती... सगळ्यांनी मिळून सायकलवरून तळ्यापर्यंत जायला.

"खरं सांगून टाका ना," ती म्हणाली.

"तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही. मरेपर्यंत चिडवेल."

तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "उद्या सकाळी सहाला शाळेमागच्या मैदानावर. आणि ते पांढरे बूट घालून येऊ नका."

तो पांढरे बूटच घालून आला.

तिने पहिल्याच दिवशी त्याच्या सायकलचे दोन्ही पेडल काढून खिशात टाकले आणि सीट खाली केली. "पाय जमिनीवर. ढकला आणि उचला. आधी तोल येऊ दे, मग पेडल."

"लहान मुलासारखं?"

"लहान मुलं याहून बरी शिकतात."

तो ढकलायचा, दोन हात जायचा आणि कलंडायचा. ती ओरडायची, "समोर बघा! चाकाकडे नाही, समोर!"

"समोर तर तुम्ही उभ्या आहात."

"मग?"

"मग... कठीण जातं."

ती मुकाट्याने बाजूला झाली. गाल मात्र तापले होते, आणि अजून ऊनही पडलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दोघं दमून पायरीवर बसले. तो दवाखान्यातल्या गमती सांगत होता, बोलता बोलता तीही मोकळी झाली. आत्याने दोन स्थळं आणली होती. माणसं वाईट नव्हती. पण दोन्हीकडे एकच अट, लग्नानंतर दुकान बंद.

"बाबांनी उभारलंय म्हणून नाही हो," ती म्हणाली. "माझे हात तिथेच बरे चालतात. दुसरीकडे मी नुसती बसून राहीन."

तो पार गप्प झाला. तिला वाटलं, उगाच सांगितलं. अवघडून तिने गार पाण्याचा घोट घेतला आणि कळवळून गाल धरला.

"कोणता दात?" त्याने लगेच विचारलं.

"काही नाही."

"दाखवा बघू."

"मी दातांच्या डॉक्टरकडे जात नाही. लहानपणी एकाचं बोट चावून अनवाणी पळाले होते."

"पण डॉक्टरच्या शेजारी बसता, ते चालतं?"

"ते... चालतं," ती म्हणाली आणि पेडलशी उगाचच चाळा करत राहिली.

अकराव्या दिवशी जमलं! पेडल लावलेली सायकल डुलली, सावरली, आणि तो निघाला. मैदानाला एक फेरी, दुसरी फेरी... मग फाटकातून बाहेर, शाळेला वळसा घालून, घंटी बडवत परत. उतरला तो थेट तिच्यापाशी, आणि तिचे ग्रीसने माखलेले दोन्ही हात त्याने हातात घेतले.

"जमलं!"

"जमलं," ती म्हणाली.

हात सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. मग एकदमच आलं.

ताई आली, सगळे तळ्यापर्यंत जाऊन आले, गुपित गुपितच राहिलं. एवढं तिला गल्लीतून कळलं. तो मात्र फिरकला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही... आठ दिवस! तिने एका ट्यूबमध्ये इतकी हवा भरली, की ती फाट्‌कन फुटली.

"त्या बिचारीने तुझं काय घोडं मारलंय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"आणि गाल का सुजलाय?"

"काही नाही म्हटलं ना!"

बाबांनी हात पुसले, शटर ओढलं आणि तिचं मनगट धरलं. "चल."

दवाखान्याच्या खुर्चीत ती डोळे मिटून, मुठी आवळून बसली. दात काढावाच लागणार होता. त्याने हलक्या हाताने, एकेक गोष्ट आधी सांगत इंजेक्शन दिलं. बोट चावायची वेळच आली नाही. ओठ जड झाला, मग आपला नसल्यासारखा झाला. तो मात्र बधिरता यायची वाट बघत नुसताच उभा होता.

"दुकानासमोरून तीनदा गेलो," तो अचानक म्हणाला. "सायकलवरून. पण सायकल चालतेय, ब्रेक लागतायत, चेन पडत नाही... काय सांगून आत येणार?"

तिने डोळे उघडले.

"त्या दिवशी पायरीवर मी गप्प बसलो, ते रागाने. त्या लोकांच्या. चाक फिरवून, एक डोळा मिटून तुम्ही बघता ना... अशा बाईला दुकानातून उठवायचं कुणाला सुचतं तरी कसं?" त्याने मास्क खाली ओढला. कान लाल झाले होते. "मला तुम्ही आवडता. दुकानासकट, बाबांसकट, हातावरच्या ग्रीससकट. तुम्ही नाही म्हणालात तरी दात मी नीटच काढीन."

"ही फेईमानी आहे!" ती म्हणाली.

"काय?"

"तोंड फधीर करून असं कुणी फोलतं का?"

तो ओशाळला. "खरंय. चुकलंच माझं. आधी दात बघू, उत्तर सावकाश..."

"थांफ." तिने त्याची बाही धरली. "नीट विचार."

विचारा नाही, विचार. त्याच्या ते ध्यानात आलं, आणि त्याचा चेहरा उजळत गेला.

"माझ्याशी लग्न करशील?"

"हो," ती म्हणाली. हा एवढा शब्द मात्र स्वच्छ उमटला. त्यासाठी ओठाला ओठ टेकवावा लागत नाही.

दाराबाहेरून बाबांनी विचारलं, "निघाला का दात?"

"अजून नाही!" डॉक्टर म्हणाला. "माझा हात थरथरतोय. पाच मिनिटं द्या."

"दहा घ्या," बाबा म्हणाले, आणि बाहेर मासिकाचं पान उलटल्याचा आवाज आला.