चोराच्या तर्जनीवरची शाई

"हात सैल सोडा."

"सोडलाय की."

"नाही. तुम्ही मदत करताय. मदत केली की ठसा फरकटतो."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही. बोट माझं आहे असं समजा."

तो हसला… आणि त्याचं बोट खरंच तिचं असल्यासारखं सैल पडलं.

खरं तर हे बोट तिच्या वाट्याला यायचंच नव्हतं. गुन्हेगारीशास्त्राच्या एम.ए.ला ठशांचं प्रात्यक्षिक जोडीनं करतात. तिची मैत्रीण तापाने फणफणलेली आणि दुसऱ्या तुकडीतला हा लेटलतीफ स्वतःचा तास बुडवून या तासाला टपकलेला. मॅडमनी रिकामी खुर्ची दाखवली – "बसा तिथे." झालं!

काचेवरच्या शाईत बोट लोळवायचं, मग कागदावर. नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, हळू… फार हळू. बाहेर रिमझिम. पाचव्या बोटापर्यंत तिने मोजलं. मग मोजायचं राहून गेलं.

आता तिच्याबद्दल एवढं सांगायलाच हवं, की हिचं मोजायचं कधी राहत नाही. वर्गात तिला 'पंचनामा' म्हणतात. कोण कुठे बसलं, कुणाच्या चपलेचा पट्टा तुटला, सगळं टिपलेलं. ताई म्हणते, "तुझ्याशी लग्न करणाऱ्याला आधी जामीन घ्यावा लागेल गं!"

या टिपण्यामागे एक मामा होता. शेजाऱ्याने त्याला चोर म्हणून 'ओळखलं' आणि त्याचे चौदा महिने तुरुंगात गेले. शेवटी खरा चोर सापडला. मामा परत आला तो दारात उभा राहून आत येऊ का विचारणारा. तेव्हाच तिने ठरवलं होतं – शिकायचं ते हेच.

*

पुढचा तास त्याच खोलीत. तो आपल्या तुकडीकडे गेलाच नाही, खिडकीपाशी बसून राहिला.

दार उघडलं. एक माणूस आत आला, मॅडमच्या टेबलावरची पिशवी उचलली आणि गेला. फार तर आठ सेकंद.

मॅडमच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. "कागद घ्या. साक्षीदाराचा जबाब लिहा. कुजबुज नको. आणि तुरुंगात सहा महिने राहून कैद्यांशी बोलायची जी एकच जागा आहे ना… ती या जबाबावरून ठरेल."

पंचनामा ताठ बसली. दोन वर्षं ती त्याच जागेवर डोळा ठेवून होती.

तिचा जबाब:

वय पंचविशीचं. उंच. निळा शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या – डावी थोडी जास्त. डाव्या भुवईत तुटकी रेघ, लहानपणी पडल्यासारखी. (पुढे एक ओळ खोडलेली: हसताना आधी डोळे हसतात.) उजव्या तर्जनीवर शाई. पाहिल्यावर ओळखू शकाल? – हो. खात्रीने.

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जबाब वाचले, नावं न घेता. हा जबाब आला आणि आधी एक मान वळली. मग दुसरी. मग अख्खा वर्ग खिडकीकडे बघायला लागला. तिथे निळा शर्ट नव्हता आज, पण भुवई होती तीच, रेघेसकट… आणि तर्जनीवरची शाईही पुरती गेली नव्हती.

हसून हसून मुरकुंडी वळली सगळ्यांची.

"चोर माझा भाचा होता," मॅडम म्हणाल्या. "पिवळा रेनकोट, चिकटवलेली पांढरी दाढी. यालाच म्हणतात चेहऱ्याची अदलाबदल. जो चेहरा मनात ठसलेला असतो, तोच साक्षीदार चोराला चिकटवतो. खोटं बोलत नाही बिचारा. त्याला खरंच तसं दिसलेलं असतं."

तिचे कान तापले. पण लाजेच्या खाली काहीतरी गार होत गेलं. त्या शेजाऱ्याला ती दहा वर्षं खोटारडा म्हणत आली होती. आणि काल तिनेही लिहिलं होतं – खात्रीने.

मॅडमनी शेवटचा कागद उचलला. "'चोर मी पाहिला नाही. दुसरीकडे बघत होतो.' बस्स, एवढंच. आपण काय पाहिलं नाही हे ज्याला कळतं, त्याच्याच हाती मी दुसऱ्यांची सांगणी सोपवीन."

जागा लेटलतीफला मिळाली.

*

जिन्यात त्याने तिला गाठलं.

"अभिनंदन," ती म्हणाली. आवाज कोरडा ठेवायचा होता… जमलं नाही.

"चोराचं अभिनंदन करतात का?"

"माझी जागा नेलीत. चोरच."

"मग साक्षीदार खरा निघाला की!"

ती हसणार नव्हती. हसली. मग एकदम डोळे भरून आले, आणि मामाची सगळी गोष्ट तिने तिथेच, कठड्याला टेकून सांगितली. तो मध्ये एकदाही बोलला नाही. जागा योग्य माणसाला मिळाली होती. हे तिलाही कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

"दुसरीकडे म्हणजे… कुठे बघत होतात?"

"जबाब देऊ?" त्याने डोळे मिटले. "दुसरी रांग. केसांत पेन्सिल खोचलेली. ती विसरून दुसरी पेन्सिल शोधणं चाललंय. दप्तरात, बाकाखाली… आठ सेकंद. पिशवी गेली असेल, मला काय माहीत!"

तिचा हात केसांकडे गेला. पेन्सिल. आजही तिथेच.

"सोमवारी निघतोय," तो म्हणाला. "सहा महिने. तुझ्या मामासारखी माणसं असतील तिथे. काय विचारू त्यांना? तू सांग, मी लिहून आणतो."

तू. केव्हा झालं हे 'तू', कोण जाणे.

"पहिल्यांदा विचार – आत येऊ का?" ती म्हणाली. "त्यांना कुणी विचारत नाही."

तो मान हलवत राहिला. मग तिचा हात हातात घेतला, एकेक बोट उलगडत… नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. शाई नव्हती, कागद नव्हता.

"सैल सोड ना."

"नाही," तिने त्याच्या बोटांभोवती आपली बोटं घट्ट मिटली. "मी मदत करतेय."