चारी कॉईल सीटवर

तेजस, तुझी गाडी सिग्नलला थांबली की थरथरती म्हनतोस न्हवं? मग गॅरेजला उद्या फोन कर. आधी आमच्या मकबूलचं ऐक. मकबूल मेकॅनिक, हडपसरात तीस वर्सं त्याचं गॅरेज हाय. खोटं वाटलं तर जाऊन इचार त्याला. फकस्त दिवसा इचार. अंधारात ह्यो विषय काढला की त्यो शटर वढून घेतो.

मागल्या नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. आवस न्हवती गं राजनंदिनी, भुतं काय कॅलेंडर बघून निघत न्हाईत. मकबूलची पोरगी अफशीन, कॉलेजातली, सोलापूरहून येस्टीनं येनार व्हती. रातीचे बारा, स्वारगेट. मकबूलची स्कूटर पंक्चर. मग त्यानं काय केलं? समदे मेकॅनिक करतात त्येच. गिऱ्हाइकाची गाडी काढली आन म्हनला, ट्रायल घेतो.

गाडी कुना इंद्रजीतची. सेकंडहँड घेतलेली. तक्रार एकच, मिसिंग मारती. म्हंजे इंजन एका लयीत न्हाय, दमेकऱ्यागत चालतंय.

काय म्हनलास? सेन्सर? वा. कंप्युटरवाल्याला सपनात बी सेन्सर. आरं, फिल्टर धुळीनं बुजला तरी गाडी गचके देती. पेट्रोलात पानी गेलं तरी देती. कुटला पाईप चिरून हवा शिरली तरी देती. मकबूलनं तीन दिस ह्येच केलं. फिल्टर नवा, चारी प्लग नवे, टाकी खाली करून धुतली. तुझा सेन्सर बी बदलला. तरी गाडी आपली... घर्र, घक. घर्र, घक.

रामटेकडीच्या म्होरं गेला आन गाडी बसायला लागली. बारा वाजून धा मिंटं. त्यानं कडंला घेतली, इंजन चालू ठिवूनच बॉनेट उघडलं. मेकॅनिकची एक जुनी रीत हाय. चालत्या इंजनातनं एकेक कॉईल काढायची. कॉईल म्हंजे प्लगला ठिनगी देती ती. चांगली काढली तर इंजन आजून अडखळतं. बाद झालेली काढली तर काय बी फरक पडत न्हाय. मग चोर घावला.

एक नंबर काढली. इंजन अडखळलं न्हाय. उलटं जरा नीट चाललं.

दोन काढली. आजून नीट.

तीन.

चार.

चारी कॉईली मकबूलच्या हातात... आन इंजन नव्या गाडीगत गुरगुरतंय.

आता ठिनगीच न्हाय, तर आत पेटतंय काय? सांगा की इंजिनेर.

त्यानं चावी काढून खिशात घातली. इंजन चालूच.

घाबरून कॉईली परत बसवल्या. चवथी बसली आन इंजन मेलं. चावी मारली. न्हाय. परत मारली. न्हाय. रस्त्याला रिक्षा न्हाय, मानूस न्हाय. तेवढ्यात फोन.

"अब्बा, कहाँ हो? मोबाईल दोन टक्के आहे. इथं दोन माणसं मघापासून माझ्याभोवती..."

फोन बंद.

तुमी काय केलं आसतं? तेजस, तू तर पळाला आसतास. पन तुला लेक न्हाय.

मकबूलनं चारी कॉईली परत काढल्या. चवथी निघाली... आन चावी खिशात आसताना इंजन आपूआप चालू झालं.

त्यो आत बसला. कॉईली बाजूच्या सीटवर. स्वारगेटपातूर एक गचका न्हाय. त्यानं आरशात बघितलं न्हाय. गानी लावली न्हाईत. निस्ता अल्लाचं नाव घेत व्हता.

अफशीन दिव्याखाली उभी. हेडलाईट पडली तशी ती दोन मानसं पांगली. पोरगी मागल्या सीटवर बसली. "अब्बा, किती उशीर," एवढंच म्हनली. पुलगेट यायच्या आत झोपली. मकबूल म्हनतो, तिथनं फुडं इंजनाचा आवाजच न्हवता. गाडी चालली व्हती... आन आवाज न्हाय.

एक वाजता घर. दारात गाडी थांबली. त्यानं ब्रेक दाबला न्हवता.

सकाळी उजेड पडला तेव्हा त्यानं चारी प्लग खोलले. एक, दोन, चार कोरे. तीन नंबर काढला आन हातातला पाना खाली पडला.

प्लगच्या टोकाला केस गुंडाळलेले. लांब. बायामानसाचे. शिस्तीत, धागा गुंडाळावा तसे. जिथं आग पेटती तिथं... एक केस जळलेला न्हाय. त्यानं नाकाजवळ नेला. खोबरेल तेलाचा वास. ताजा.

वरनं बायकोचा आवाज आला. अख्तरबानू पोरीला उठवत व्हती.

"अफशीन... उठ. तुझी वेणी कुनी कापली गं?"