हिरवं खोरं

धनगरवाड्यावर जनाई ढेबेचं डोहाळजेवण होतं आणि वृंदा सिस्टर चक्क पाहुणी म्हणून आली होती. कामाचं काही निघालंच नव्हतं. तिच्या मोबाइलवर धरणापल्याडचं सगळं खोरं हिरवं दिसत होतं. जनाईच्या नावापुढेही हिरवा ठिपका होता. रक्तदाब एकशेदहा-सत्तर, म्हणजे काळजीला जागाच नाही.

ही ‘सांगाती’ या आरोग्य यंत्रणेची करामत. गरोदर बाईच्या किंवा आजारी माणसाच्या गळ्याखाली नखाएवढी संवेदक चकती चिकटवायची. बायका तिला टिकली म्हणत. आकडे बिघडले की टिकली तांबडी होई आणि सेविका, पलीकडच्या रुग्णालयातले डॉक्टर, लाँचवाला अशा सगळ्यांना एकदमच हाक जाई. पूर्वी रुग्ण दगावला की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. आता प्रत्येक रुग्णामागे एकच नाव उत्तरदायी होतं, आणि या खोऱ्यात ते नाव वृंदाचं होतं. मोबाइलवर लाल ठिपके फार उगवले की उत्तरदायी माणसाची बदली होई. विझवले किती, हे मात्र कोणी विचारत नसे.

“सिस्टर, चुडा तुमीच भरा,” जनाईच्या सासूबाई, कोंडाबाई, कौतुकाने म्हणाल्या.

वृंदाने हिरवी बांगडी घेतली. ती जनाईच्या बोटांवरून पुढे सरकेना. मापाच्याच बांगड्या होत्या, पण हात टम्म सुजला होता.

“डोकं दुखतंय का गं?”

“परवापासनं. डोळ्यांपुढं काजवं चमकत्यात,” जनाई हळूच म्हणाली.

वृंदाने मोबाइल पाहिला. ठिपका हिरवाच, पण नाडी मात्र धावत सुटलेली. जनाई तर पाटावर बसून होती. तेवढ्यात तिची धाकटी जाऊ, सगुणा, डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढून धापा टाकत दारात आली. वृंदाने जनाईचा पदर बाजूला केला. गळ्याखाली काहीच नव्हतं.

“सगुणा, इकडे ये.”

सगुणाने सासूकडे बघत पदर गळ्याशी ओढून घेतला. टिकली तिच्याच गळ्याखाली निघाली.

वृंदाला राग आला, भीती त्याहून जास्त वाटली. तिने टिकली काढून पुसली आणि जनाईला लावली. बघता बघता ती तांबडी झाली. एकशेसत्तर-एकशेदहा! पिशवीत कायम असणारं, झटके रोखणारं इंजेक्शन तिने दिलं. तोवर मोबाइलवर डॉक्टरांचा आवाज आला, “शस्त्रक्रियेची तयारी करतोय, तुम्ही निघा.” डोली करून जनाईला खाली काठावर आणलं, तेव्हा लाँच उभीच होती. सगळी साखळी अगदी कागदावर लिहिल्याप्रमाणे चालली. फक्त टिकलीला आधी हाक मारू दिली नव्हती, एवढंच.

लाँच पाण्यावर निघाली. जनाई डोळे मिटून पडली होती. वृंदाने तिची नाडी सोडली नाही.

“मावशी, पोरीचा जीव गेला असता ना!” वृंदा म्हणाली. “का केलंत असं?”

कोंडाबाई पदराने डोळे पुसत होत्या. “तुमच्या आधीच्या सिस्टरला तांबड्या टिकल्यांपायी हलवलं. मग उपकेंद्राला कुलूप. त्याच कुलपापुढं माझी लेक बाळंतपणात गेली, सिस्टर. परवा हिचं डोकं दुखाया लागलं तशी मी भ्याले, टिकली तांबडी व्हायच्या आत काढून सगुणाला लावली. म्हटलं, जनाईचं दुखणं उतरंल, पर तुमी गेलात तर पुन्ना कोण यायचं?”

टिकली बनवणाऱ्यांनी ऊन, पाऊस, घाम, सगळ्याचा विचार केला होता. मायेपोटी कोणी खोटं बोलेल, हे तेवढं त्यांना सुचलं नव्हतं.

वृंदाने पुन्हा मोबाइल उघडला. जनाईचा एक लाल ठिपका सोडला तर खोरं तसंच हिरवंगार होतं. दम्याची म्हातारी माणसं, साखरेचे रोगी, पलीकडच्या वाडीतल्या तिघी गरोदर बायका, सगळे हिरवेच. सकाळी याच हिरव्या रंगाने तिला किती हलकं वाटलं होतं.

“मावशी, खरं सांगा. आणखी कोणाकोणाच्या टिकल्या बदलल्यात?”

कोंडाबाईंनी वृंदाचा हात धरला.

“आधी तू सांग, पोरी. समद्यांनी खरं सांगितलं, तर तुला हितं ऱ्हाऊ देतील?”