कुरळ्या केसांची कड

फोटोत नऊ माणसं होती, दोन खुर्च्या, एक झोपलेलं मांजर, आणि मधल्या कुरळ्या केसांच्या तरुणाच्या खांद्यावर एक हात.

"हा हात कुणाचा?" तिनं स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं.

"ताईचा. का गं?"

"कापायचाय, म्हणून विचारलं."

"बरं... म्हणूनच असेल." तो हसला.

तो शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातला. तिच्या फोटो स्टुडिओची पायरी आज पहिल्यांदाच चढला होता. मावशीनं एक मुलगी सुचवली होती, तिच्याकडे पाठवायला एकट्याचा फोटो हवा होता. मागचं सगळं काढून तेवढा तो ठेवायचा. एरवी साधं काम. पण ते केस! प्रत्येक बटेतून मागची भिंत डोकावत होती.

मग काम कुठवर आलं हे बघायच्या निमित्तानं तो रोज दुपारी तिच्या बाजूच्या स्टुलावर येऊन बसू लागला.

"इतके डोळे ताणू नकोस. माझंच गिऱ्हाईक होशील."

"सूट देशील?"

"तुला?... फुकट."

तिचा माउस घसरला आणि स्क्रीनवर त्याचा अर्धा कान उडाला. दोघंही हसत सुटले. तिनं कान परत आणला.

एका दुपारी तो हळूच म्हणाला, "फारच किचकट आहेत ना केस? नाही जमलं तर तसं सांग... मी मावशीला सांगेन, फोटो झालाच नाही. विषय संपला."

त्या क्षणी तिनं वळून त्याच्याकडे बघितलं असतं तर... पण ती बघत होती स्क्रीनकडे, आणि बोलणं तिला झोंबलं होतं.

"मला नाही जमणार? उद्या ये आणि बघ!"

दुसऱ्या दिवशी तो आला. बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"निघालं सगळं..."

"मग! म्हटलं होतं ना?"

"हो. मग — पाठवू?"

"पाठव की. त्यासाठीच तर केला."

त्यानं मान डोलावली, पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि गेला. दार मिटलं, तेव्हा कुठे त्याचं कालचं बोलणं तिच्या डोक्यात शिरलं. जमत नाही, एवढंच त्याला ऐकायचं होतं. आणि ती बसली होती हुशारी दाखवत!

तिनं घाईघाईनं फाईल उघडली. एखादी चूक सापडली, तर त्याला हाक मारता येईल — थांब, पाठवू नकोस, अजून बाकी आहे... एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ती एकेक बट तपासत गेली.

आठशे टक्के मोठं करूनही कडेला मागच्या भिंतीचा एकही ठिपका नव्हता.