टेबलावरच्या पाच वस्तू

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबा. मी कुणाला पटवायला बसलेले नाही. बाबांच्या उजव्या हाताचे एक्स-रे माझ्या कपाटात आहेत, मला तेवढं पुरे आहे.

मंगळवार होता. भर दुपार, सव्वातीन. बाबांच्या घरातलं स्वयंपाकघर.

बाहेर लख्ख ऊन होतं. अंधारात भास झाला म्हणायची सोय नाही.

बाबा आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. चार महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी झाली. जिवावरचं थोडक्यात निभावलं. बोलणं शाबूत, वाचणं शाबूत. पण दुसऱ्याचं बोलणं कळेना. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत, आवाज आत पोचतो, पण त्याचे शब्द करणारी मेंदूतली जागाच गेली. नळ टपटपला की बाबा उठून बंद करायचे. बेल वाजली की दाराकडे बघायचे. मी बोलले की नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

"कुणीतरी डब्यात खडी हलवतंय असं वाटतं," ते म्हणायचे.

खरं सांगते, मला कीव आली नाही. आईचा डावा कान याच माणसाने फोडला होता. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. एका कानाने बहिरी झाल्यापासून आई शब्द तोडून, फार सावकाश बोलायची. सहा वर्षांपूर्वी ती गेली. तरी लेक म्हणून मी रोज दुपारी यायचे, लागेल ते वहीत लिहून दाखवायचे आणि सराव घ्यायचे.

सराव स्पीच थेरपिस्टने नेमून दिला होता. टेबलावर पाच वस्तू मांडायच्या. कप, चमचा, कंगवा, किल्ली, पेन. मी म्हणायचं "चमचा उचला", बाबांनी तो उचलायचा. चार महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं.

त्या दिवशी मी वस्तू मांडल्या. अजून तोंडही उघडलं नव्हतं...

बाबांनी चमचा उचलला.

मान जराशी तिरकी केली. थांबले. चमचा कपात ठेवला.

पुन्हा थांबले... किल्ली उचलून कंगव्यावर ठेवली.

मी एक अक्षर बोलले नव्हते. तरी बाबा मधूनमधून "हं" म्हणत होते. सांगितलेलं समजलं की आपण म्हणतो तसं. आणि प्रत्येक वेळी त्यांना बराच वेळ थांबावं लागत होतं. बोलणारं माणूस फार सावकाश बोलत होतं.

"कुणाचं ऐकताय?" मी विचारलं. अर्थात त्यांना कळलं नाही.

ते उठले. पलंगाखालून अवजारांची पिशवी ओढली आणि हातोडी घेऊन परत आले. उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. ते मारायचे तो हात.

हातोडी डाव्या हातात.

पहिला घाव चुकला. कपाचे तुकडे उडाले.

दुसरा चुकला नाही.

करंगळी पार चेपली. रक्ताचे शिंतोडे वहीवर आले. बाबा ओरडले, रडले... आणि मान तिरकी करून पुढचं ऐकायला लागले.

"हं."

हातोडी पुन्हा वर गेली. मी जिवाच्या आकांताने ओरडले, बाबा, थांबा. पण माझं ओरडणंही त्यांना खडीच. हात धरायला गेले तर त्यांनी असं ढकललं की ओट्याचा कोपरा पाठीत बसला. तिथूनही मला दुसरं बोट मोडल्याचा आवाज आला. मग तिसरं.

मी वही ओढली. "थांबा" असं पानभर लिहिलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

त्यांनी वाचलं.

"कसा थांबू? ती थांबू देत नाहीये."

मग माझ्याकडे वळले.

"तुला विचारतेय. कडी का काढली नाहीस?"

आईचा कान फुटला त्या दिवशी ती याच स्वयंपाकघराचं दार बाहेरून बडवत होती. कडी मी आतून लावली होती. नंतर सगळ्यांना सांगितलं की मी झोपले होते. आईने मरेपर्यंत विषय काढला नाही.

मी वहीत लिहिलं, "मी झोपले होते."

बाबांनी ते मोठ्याने वाचलं. माझ्यासाठी नाही. माझ्या मागे बघत.

मग मान तिरकी केली...

"ती म्हणते, दाराखालून तुझे पाय दिसत होते."

आणि त्यांनी हातोडी माझ्यापुढे ठेवली. दांडा माझ्याकडे करून.

मी पळाले. शेजारच्या काकूंनी रुग्णवाहिका बोलावली. बाबांची तीन बोटं वाचली नाहीत. त्यांना आता पुन्हा कुणाचंच काही कळत नाही. थेरपिस्ट म्हणते, काळजी करू नका, सराव चालू ठेवा. मी त्यानंतर एकदाही त्या टेबलाशी बसलेले नाही.

परवा ऑफिसात साहेब माझ्याशी बोलत होते. ओठ हलत होते, आवाज येत होता... शब्द कळेनात. मिनिटभरच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ताण आहे, विश्रांती घ्या.

काल संध्याकाळी नवऱ्याचं बोलणंही तसंच झालं. या वेळी जरा जास्त वेळ.

घरातली हातोडी मी देऊन टाकली आहे. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.