पाव सूर खाली

दुपारच्या रिकाम्या डान्स हॉलमध्ये, डीजेच्या टेबलापाशी मी दोन गाणी एकमेकांत मिसळत होते, तेवढ्यात पियानोच्या खालून आवाज आला, "भांडतायत ती."

वाकून पाहिलं. आधी बूट दिसले, मग पियानो लावायची किल्ली हातात घेतलेला एक माणूस सरपटत बाहेर आला. केसांत धूळ, आणि चेहऱ्यावर हसू... तेही छान!

"कोण भांडतंय?"

"तुमची गाणी. दुसरं अर्धा सूर वर आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. प्रत्येक गाण्याचं कार्ड मी हाताने लिहिते – पट्टी कोणती, मिनिटाला ठोके किती. पट्ट्या जवळच्या आणि वेग सारखा असला, की एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं ते नाचणाऱ्याच्या पावलांना कळत नाही. हा माझा अभिमान. पण गाण्याचा वेग वाढवला की पट्टीही चढते, आणि ती धरून ठेवणारं बटण मी दाबलंच नव्हतं. कार्डावर जुनी पट्टी तशीच.

चूक माझीच होती. म्हणून तर जास्त राग आला.

"विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा पियानोखाली गेला.

पुढचे आठ दिवस आम्ही रोज भेटलो. तो तारा लावायचा, मी गाणी जुळवायचे. मला ठोके मोजायची खोड आहे – गळणारा नळ, जिन्यावरची पावलं, काहीही. "आत्ताचा नळ?" तो विचारायचा. "बहात्तर," मी सांगायचे. तुम्हीचं तू कधी झालं, ते मात्र मोजायचं राहिलं.

रविवारी माझी परीक्षा होती. या हॉलची रीत अशी, की पहिलं गाणं पियानोवर वाजतं आणि डीजेने ते मध्ये न थांबता उचलायचं. जमलं तर दर रविवार माझा, असं मॅनेजर म्हणाले होते. समोर आत्या बसली होती. "बटणं दाबायला काय अक्कल लागते?" असं म्हणणारी माझी सख्खी आत्या.

पियानोवर तोच बसला. ठरलेला वेग एकशे वीस, पट्टी कार्डावरची. मी हेडफोन एका कानाला लावला. दुसऱ्या कानाला पियानो किंचित उतरलेला लागत होता. अर्धा सूरही नाही... पाव सूर.

पट्टी धरणारं ते बटण मी बंद केलं. वेग एकशे वीसवरून साडेतीन ठोके खाली ओढला. वेगाबरोबर गाण्याचा सूरही उतरला. आता पियानो पुढे पळत होता. मी मान वर केली. तो माझ्याकडेच पाहत होता. त्याची बोटं हळूहळू मंदावली, आणि मी माझ्या गाण्याचा आवाज उघडला.

एकही पाऊल चुकलं नाही. पियानो कधी थांबला, कुणाला कळलंसुद्धा नाही. आत्या शेजारणीला कोपर मारून सांगत होती, "भाची आहे माझी!" मॅनेजरांनी लांबूनच भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या रविवारवर बोट ठेवून दाखवलं. माझी मान अशी ताठ झाली होती, की काय सांगू!

मध्यंतरात मी त्याला जिन्यात गाठलं.

"पियानो उतरवलास?"

"आज सकाळीच. जुन्या तारा ताण सोसेनात. तुटायला लागल्या."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"विचारल्याशिवाय सल्ला नको, तूच म्हणाली होतीस. शिवाय... तुझ्या कानांवर माझा विश्वास होता."

"आणि नसतं कळलं तर?"

"तर तेच गाणं वाजवत बसलो असतो. तुला कळेपर्यंत."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. काही बोलायच्या ऐवजी मी त्याचं मनगट धरलं, दोन बोटं नाडीवर ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. पंधरा सेकंदांत बत्तीस.

"एकशे अठ्ठावीस," मी म्हटलं. "उभ्या उभ्या?"

"तू हात धरल्यापासून," तो म्हणाला. "आता... माझा सल्ला विचारशील?"

"विचारते. काय करू?"

"सोडू नकोस."

वर लोक टाळ्या वाजवून मला बोलावत होते. मी गेले – त्याचं मनगट हातात धरूनच, आत्याच्या समोरून.