मेथीतलं पिवळं पान

चांद्रवसाहतीच्या हरितगृहात, मेथीच्या मधोमध एक भलंमोठं पिवळं पान उमटलं होतं. रोपं जळली होती हे दिसतच होतं. पण नेमकी पानाच्याच आकारात का?

शाल्मलीला एवढंच ठाऊक होतं, की चूक तिची आहे. फवाऱ्यांचं काम तिनेच हट्टाने मागून घेतलं होतं. चौरस वाफ्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन फवारे. एकाचं खत पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिने दोन्हींतून पूर्ण मात्रा सोडली. आता वरच्या सज्जातून येणारा-जाणारा खाली बघत होता आणि तिला मान वर करवत नव्हती.

वैजूआत्या वसाहतीची वनस्पतिशास्त्रज्ञ. ती म्हणाली, "एकशेवीस चौरस मीटरपुरतंच बी उरलंय. जळलेला भाग त्याहून मोठा निघाला, तर मेथी मोडून सोयाबीन. मोज."

"टेप घेऊन वाफ्यात उतरू?"

"हो, म्हणजे उरलेलीही तुडवून होईल," खुरपं म्हणालं. खुरपं हा तिथला यंत्रमानव. "आधी सांग, एक फवारा किती भिजवतो?"

"पाव वर्तुळ (वर्तुळाचा चौथा हिस्सा)," ती पुटपुटली. "त्रिज्या (मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर) चौदा मीटर. बावीस सप्तमांश गुणिले चौदा गुणिले चौदा, सहाशे सोळा. त्याचा पाव एकशे चोपन्न. दोन्ही मिळून तीनशे आठ."

"आणि वाफा?"

"बाजू चौदा. म्हणजे एकशे शहाण्णव."

"एवढ्याशा वाफ्यात तीनशे आठ! रबराचा आहे का गं?"

शाल्मलीचे कान तापले. वाफ्याबाहेर थेंब गेला नव्हता, आत कोरडी जागा राहिली नव्हती. मग जास्तीचे एकशे बारा गेले कुठे? तिची नजर पिवळ्या पानावर थांबली.

"मधली जमीन दोन्ही फवाऱ्यांखाली येते. ती मी दोनदा मोजली."

"आणि खतही दोनदा घातलंस," आत्या म्हणाली. "हा छेदभाग (दोन आकृत्या एकमेकींवर येतात ती जागा). दोन्ही आकृत्यांच्या बेरजेतून त्यांनी मिळून व्यापलेली जागा वजा केली, की तोच उरतो."

"एकशे बारा! बी पुरेल, आत्या!"

"पुरेल. आधी माती नुसत्या पाण्याने धू. मग हाताने पेर."

नवी मेथी उगवली, ती गर्द हिरव्यात कोवळी पोपटी. पान होतं तिथेच राहिलं.

"ताई, हे पान कुणी काढलं?" सज्जातून एका चिमुरडीने ओरडून विचारलं.

"मी," शाल्मली खालीच बघत म्हणाली. "चुकून."

"केवढं आहे?"

शाल्मलीने मान वर केली.

"खाली ये. तुझ्याकडूनच उत्तर काढून घेते."